मार्चअखेरच्या तोंडावर सी ड्राइव्ह भरला आहे. काय काढावे आणि काय राखावे?

दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली

नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या एका अडत दुकानात हिशेब पाहतो. दुकानातल्या संगणकात २५६ जीबीची एकच एसएसडी आहे. ती २३८ जीबी दिसते आणि आज सी ड्राइव्हवर जेमतेम ४ जीबी जागा उरली आहे. विंडोज ११ आहे, रॅम १६ जीबी आहे. हिशेबाचा टॅली प्रोग्रॅम उघडायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो आणि विंडोजचे अपडेट जागेअभावी अडकून पडले आहे.

शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशेब), काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) आणि वाहतुकीच्या पावत्या मी गेली चार वर्षे स्कॅन करून ठेवत आलो आहे. शिवाय टॅलीचा रोजचा बॅकअपही याच ड्राइव्हवर घेतला जातो. एका परिचितांनी सांगितले की विंडोजच्या फोल्डरमधले विनएसएक्सएस नावाचे फोल्डर फार मोठे दिसते, ते काढून टाकावे. हात लावण्यापूर्वी येथे विचारतो आहे, कारण हळदीचे सौदे ऐन भरात आहेत आणि एखाद्या शेतकऱ्याने मागच्या वर्षीची पट्टी मागितली, तर ती मला त्याच्यासमोर ठेवता आली पाहिजे.

विश्रामबागकर

विनएसएक्सएसला कृपया हात लावू नका. विंडोजचे सुटे भाग तेथे राहतात आणि अपडेट बसवताना किंवा मागे घेताना तेच वापरले जातात. ते हाताने पुसल्यास संगणक सुरू न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय त्या फोल्डरचा दिसणारा आकारही फसवा असतो, कारण त्यातल्या अनेक फाइली डिस्कवर एकदाच असतात, पण दोन ठिकाणी नोंदलेल्या असल्यामुळे दोनदा मोजल्या जातात.

त्यातला अनावश्यक भाग काढण्याचा सुरक्षित मार्ग असा आहे : सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून किंवा स्टार्टमध्ये नाव शोधून डिस्क क्लीनअप उघडावे, ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ निवडावे आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ व ‘टेम्पररी फाइल्स’ यांवर खूण करावी. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ दिसले, तर तेथे खूण नाही याची खात्री करूनच पुढे जावे. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या पावत्या बहुतेक दुकानांत त्याच फोल्डरमध्ये पडून असतात.

दुसरी जागा हायबरनेशनच्या (चालू काम डिस्कवर जपून संगणक बंद करण्याच्या सोयीच्या) फाइलीने व्यापलेली असते. ती साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे आपल्याकडे सुमारे ६ जीबी. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की ती फाइल जाते. त्यामुळे संगणक लवकर सुरू करणारे फास्ट स्टार्टअपही बंद होते, पण एसएसडी असलेल्या दुकानी संगणकाला त्याचा फारसा फरक जाणवत नाही. लॅपटॉप असता तर मी हे सुचवले नसते.

२५६ची २३८ होण्यात मात्र काहीही बिघाड नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४च्या पटीत मोजते.

मिरजकर

वरील उपाय योग्य आहेत, पण त्यांनी मिळणारी जागा काही महिन्यांत पुन्हा भरेल, कारण खरी वाढ स्कॅन आणि बॅकअप यांची आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग स्टोरेज उघडून कोणत्या प्रकाराने किती जागा घेतली आहे ते आधी पाहा. फोल्डरनिहाय चित्र हवे असेल तर विनडर्स्टॅट हा मोफत प्रोग्रॅम ते दाखवतो.

आपण स्कॅन कोणत्या सेटिंगवर करता? अनेक दुकानांत स्कॅनर ६०० डीपीआय (इंचामागे ६०० ठिपके) आणि रंगीत यावर ठेवलेला मी पाहिला आहे. त्या सेटिंगला ए-फोर आकाराच्या एका पानाचे जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल होतात आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे आकुंचनापूर्वी एका पानाची १०० एमबीच्या वर माहिती. तेच पान ३०० डीपीआयला कृष्णधवल छटांत घेतले, तर पिक्सेल चौथाईवर येतात आणि प्रत्येकाला एकच बाइट पुरतो, म्हणजे मूळ माहिती बाराव्या हिश्श्यावर येते. तयार पीडीएफ नेमकी त्याच प्रमाणात लहान होईल असे नाही, परंतु फरक मोठा पडतो. काटापट्टीची रिबन पुसट असेल तर आधी दहा-बारा पट्ट्या स्कॅन करून वजनाचे आकडे स्पष्ट वाचता येतात का ते पाहावे आणि मगच सेटिंग कायम करावी. जुन्या पीडीएफ झिप करण्यात वेळ घालवू नये. त्यांतली चित्रे आधीच आकुंचित असतात.

पुसण्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यवसायाला हिशेब आणि संबंधित कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ. आपली चारही वर्षे त्या मुदतीत येतात. म्हणून स्कॅन हलवायचे आहेत, पुसायचे नाहीत. टॅलीच्या बॅकअपचे तसे नाही : गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे दर महिन्याचे शेवटचे एवढे ठेवले तरी चालते, मात्र आधी एक बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून कंपनी उघडते का ते पाहावे.

दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली

दोघांचेही आभार. डिस्क क्लीनअपने ९ जीबी आणि हायबरनेशन बंद केल्याने ६ जीबी मोकळी झाली. अडकलेले अपडेट आज बसले. स्कॅनचे फोल्डर ८८ जीबी आणि टॅलीचे बॅकअप ५२ जीबी निघाले. स्कॅनर खरोखरच ६०० डीपीआय रंगीत यावर होता. ती सेटिंग कोणी आणि कधी केली हे दुकानात कोणालाही आठवत नाही. जुने स्कॅन बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवून ती संगणकाशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याचा विचार आहे.

गावभागातील वाचक

ड्रॉवरचे वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या दुकानात पाणी शिरले तेव्हा संगणक टेबलावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. दोन्ही पाण्याखाली गेली. वडिलांनी वह्या माळ्यावर ठेवलेल्या होत्या म्हणून उधारी तरी कळली. बाकीचा हिशेब आम्ही गिऱ्हाइकांकडच्या पावत्या मागून आणून उभा केला आणि त्यात आमची दिवाळी गेली.

संगणकावरून स्कॅन काढल्यानंतर हार्ड डिस्कवरची प्रत हीच एकमेव प्रत ठरते, म्हणून दोन डिस्क घ्याव्यात, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एक दुकानात आणि दुसरी मालकांच्या घरी, वरच्या मजल्यावर. आधी दोन्हींवर कॉपी करावी, फाइलींची संख्या व एकूण आकार जुळतो का ते पाहावे, वेगवेगळ्या महिन्यांतल्या वीस-पंचवीस पट्ट्या उघडून बघाव्यात आणि त्यानंतरच संगणकावरच्या पुसाव्यात. ‘कट’ करून हलवू नये; मध्येच वीज गेली तर काय कुठे राहिले याचा पत्ता लागत नाही. हे फोल्डर वनड्राइव्ह या इंटरनेटवरच्या साठवणीला जोडलेले असेल, तर साध्या डिलीटने इंटरनेटवरची प्रतही निघून जाते. तेथे फाइलीवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडावे, म्हणजे फक्त संगणकावरची जागा सुटते.

दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली

आपला अनुभव मालकांना वाचून दाखवला. त्यांनी त्याच दिवशी दोन डिस्क आणल्या. चालू वर्षाचे २२ जीबी स्कॅन संगणकावर ठेवले, उरलेले ६६ जीबी दोन्ही डिस्कवर उतरवले आणि संख्या जुळवून, पट्ट्या उघडून पाहिल्यावरच येथून काढले. बॅकअप ५२ जीबीवरून ७ जीबीवर आले. आज सी ड्राइव्हवर सुमारे १३० जीबी मोकळी आहे. नवी काटापट्टी ३०० डीपीआयला घेतली. वजन, कडता (वजनातली वजावट) आणि गाडी नंबर स्वच्छ वाचता येतात. दुसरी डिस्क मालकांच्या घरी माळ्यावर पोहोचली आहे आणि दर शनिवारी ती दुकानात आणून त्या आठवड्याची भर घालायची, असे ठरले आहे.