शब्दचर्चा: अलेग्रो म्हणजे ‘द्रुत’ की ‘आनंदी’?

मुलगी पियानो शिकते. तिच्या पुस्तकात अलेग्रो (रचनेच्या सुरुवातीला लिहिलेली इटालियन सूचना) म्हणजे ‘द्रुत’ असं देऊन शेजारी मेट्रोनोमचे, म्हणजे ठेका मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे छापलेत. इटालियन शब्दकोशात मात्र ‘आनंदी’ असा अर्थ सापडला. कोणता धरायचा? ‘सेन्झा सोर्दिनो’चा अर्थही हवा आहे.

– मूळ अर्थ आनंदी, उत्साही हाच. अशाच इतर सूचना बघा: अंदान्ते हे ‘चालणे’ या क्रियापदावरून आलं, अदाजिओ म्हणजे निवांत, लार्गो म्हणजे रुंद, ऐसपैस. यांत वेगाचा थेट शब्द म्हणजे प्रेस्तो, म्हणजे जलद. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून हे शब्द रूढ होते, आकडे मागाहून चिकटले. म्हणून मुलीला आधी वृत्ती सांगा, मग वेग.

– थोडा मतभेद नोंदवतो. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा पहिला भाग ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’ (कॉन ब्रिओ म्हणजे जोशात) आहे. त्याला आनंदी कोण म्हणेल? तिथे अलेग्रो वेगच सांगतो. खुद्द बेथोव्हेनला हे खटकत होतं. अलेग्रोचा अर्थ आनंदी, पण संगीत पुष्कळदा नेमकं उलट्या भावाचं असतं, अशी तक्रार त्याने १८१७च्या एका पत्रात केली आहे. त्याच वर्षी त्याने आपल्या सिम्फनींचे मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. तेव्हा आकड्यांना कमी लेखू नये. ‘अंदान्तिनो’वरून तर वाद आजही आहे: अंदान्तेहून किंचित जलद की किंचित संथ? रचना बघूनच ठरवावं लागतं.

– मान्य. तरी नवशिक्याच्या पुस्तकात दोन्ही अर्थ हवेत. नुसतं ‘द्रुत’ वाचून मुलं धावत सुटतात आणि वाजवण्यातला उत्साह हरवतो, हे मी शिकवताना सतत बघते.

आता ‘सेन्झा सोर्दिनो’. सेन्झा म्हणजे ‘शिवाय’. व्हायोलिनवर सोर्दिनो म्हणजे आवाज दबका करण्यासाठी घोडीवर बसवायची चिमटी. पियानोवर बेथोव्हेनच्या काळी हाच शब्द तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्यांसाठी वापरत. त्याच्या ‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या भागावर ही सूचना आहे, तिचा अर्थ: गाद्या उचललेल्या ठेवा, म्हणजे उजवं पेडल दाबून वाजवा. आजच्या पियानोचा नाद फार लांबतो, त्यामुळे पूर्ण भागभर पेडल धरलं तर सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. बहुतेक वादक स्वरमेळ बदलला की पेडल बदलतात. मुलीलाही तसंच करू द्या.