शॉक ट्यूब: टाऊ पाचपट कमी का येतोय?

ओरिंगवाला:
तीन आठवडे झाले, डोकं भणभणलंय. शॉक ट्यूबमध्ये (नळीतून दाबाची लाट, म्हणजे शॉक, सोडून वायू क्षणात तापवतात) शुद्ध कार्बन मोनॉक्साइड (सीओ), दाब १७ टॉर. शॉकचा वेग २.१७ किमी/सेकंद, म्हणजे शॉकमागे साधारण २५०० केल्विन आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर. खिडकीतून कंप पावणाऱ्या रेणूंचा ४.७ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश इंडियम अँटिमोनाइड डिटेक्टरवर घेतो. स्कोपवर रेघ झकास चढते, मग सपाट होते. पण टाऊ, म्हणजे रेणूंच्या कंपनाला नव्या तापमानाशी जुळायला लागणारा काळ, ११ मायक्रोसेकंद! टाऊचा अंदाज देणारं मिलिकन-व्हाइटचं सूत्र ६० च्या आसपास सांगतं. लीक असेल म्हणून सगळ्या ओ-रिंगा बदलल्या, फरक शून्य. शिवाय मला काम दिलंय रेणू कंपन-ऊर्जा *गमावतात* कशी ते मोजायचं, आणि इथे तर रेघ चढतेय.

पंपाचा_आवाज:
पाण्याच्या वाफेवर माझा संशय. जराशी वाफही टाऊ खाली ओढते. रात्रभर पंप चालू ठेव. आणि सीओचा अलार्म चालू आहे ना? आधी ते बघ.

जुना_शॉकवाला:
पाणी नंतर. ११ ला ५.३ ने गुण बघू.

तुझी खिडकी जागेवर आहे, पण वायू शॉकच्या मागोमाग पळतोय. शॉक गेल्यावर १ मायक्रोसेकंदाने खिडकीसमोर जो वायू येतो, त्याला शॉकने खिडकीच्या अलीकडेच कुठेतरी गाठलेलं असतं, ५ मायक्रोसेकंदांपूर्वी. म्हणून वायूचा खरा वेळ म्हणजे स्कोपवरचा वेळ (लॅब टाइम) गुणिले शॉकमागच्या आणि शॉकपुढच्या घनतेचं गुणोत्तर. माख ६ च्या (ध्वनीच्या सहापट वेगाच्या) थोडं वर ते ५.३ येतं.

रेघ चढणारच. शॉक बसताच रेणूंचं धावणं आणि गरगरणं लगेच तापतं, कंपन मागे रेंगाळतं. गमावण्याचा दर त्याच टाऊतून निघतो: २५०० केल्विनला ० वरून १ वर चढण्याचा दर हा १ वरून ० वर उतरण्याच्या ०.२९ पट. प्रत्यक्ष उतरताना बघायचं असेल तर तापलेला वायू नोझलमधून प्रसरण पावू दे. ते मात्र कटकटीचं काम आहे.

पंपाचा_आवाज:
मान्य. पण शुद्ध सीओ ४.७ ला स्वतःचाच प्रकाश गिळतो. हूकर आणि मिलिकन यांनी १९६३ मध्ये २.३ मायक्रॉनचा ओव्हरटोनही (जवळपास दुप्पट वारंवारतेचा फिकट पट्टा) मोजला होता, तोही पाहून घे.

ओरिंगवाला:
५८!! वहीत पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘हा लॅब टाइम आहे’. ओ-रिंगा बिचाऱ्या उगाच गेल्या. २.३ चा फिल्टर उद्या लावतो.