मदत हवी आहे: लेबलवर नुसतं ‘ग्वाल्हेर’ असलेलं जुनं गवत नकाशावर कुठे मांडायचं? (मोडी वाचणाऱ्यांनी जरूर पाहावं)

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरची. लोलियम टेम्युलेन्टम, म्हणजे डार्नेल, या गव्हातल्या तणाच्या जुन्या हर्बेरियम नोंदी (कागदाच्या शीटवर चिकटवून जपलेले वाळके नमुने) जमवून आमच्या भागाचा आणि माळव्याचा नकाशा करते आहे. हे गवत गव्हाबरोबर उगवतं, गव्हाबरोबरच पिकतं आणि मळणीत त्याचे दाणे गव्हात मिसळतात. ते दळणात जास्त आले तर पोळी खाणाऱ्याला गरगरतं. चाळणी यंत्रं आणि प्रमाणित बियाणं आल्यापासून ते शेतांतून हटत गेलं, त्यामुळे पूर्वी कुठे होतं हे सांगायला आता या वाळक्या शीट्सच उरल्या आहेत.

अडचण लेबलांची आहे. कित्येकांवर ‘ग्वाल्हेर’ किंवा ‘ग्वाल्हेर स्टेट’ एवढंच आहे. संस्थानात ग्वाल्हेर आणि माळवा असे दोन प्रांत होते. भिंड, श्योपूर, नरवर, ईसागढ, भेलसा पहिल्यात. उज्जैन, मंदसौर, शाजापूर, अमझेरा दुसऱ्यात. म्हणजे शीट चंबळकाठची असेल किंवा थेट मंदसौरची! संगणकावर ‘ग्वाल्हेर’ टाकलं की ठिपका शहराच्या मधोमध पडतो. तो मला मुळीच मान्य नाही, कारण माळव्यातलं गहू-तण त्याने किल्ल्याखाली येऊन बसतं. ‘मध्य भारत’ लिहिलेल्या शीट्स निदान १९४८ ते १९५६ मधल्या असं धरता येतं, पण जागा त्यांचीही कळत नाही. अशा नोंदींना संस्थानाची अख्खी हद्द द्यावी, की नकाशातून वगळून वेगळ्या तक्त्यात ठेवाव्यात? हे काम केलेल्यांचं मत हवं आहे.

दुसरी मदत मोडीची. एका शीटवरच्या बियांच्या पुडीवर मोडीत दोन ओळी आहेत. गावाचं नाव ‘पिपल्या’सारखं वाटतं, पण माळव्यात त्या नावाची गावं पुष्कळ. पुढे बहुतेक परगण्याचं नाव आहे आणि सगळं त्यावरच अडलंय. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसल्याने मला दोन-तीन वाचनं सुचतात. संस्थानी दप्तरं वाचलेल्या कुणाची नजर फिरली तर फार बरं होईल.

ओळखीबद्दलही विचारते. काही शीट्सवर लोलियम पेरेन, म्हणजे याच प्रजातीतलं बहुवर्षायू गवत, असं लिहिलंय. कणिशकं (ओंबीतले फुलांचे छोटे गुच्छ) दांड्याला कडेने टेकलेली, टोकाचं सोडून प्रत्येकाला एकच तूस (तळाशी असणारं बाहेरचं टरफल), म्हणजे लोलियम नक्की. पण तूस कणिशकाइतकं किंवा त्याहून लांब आहे, दाणे फुगीर आहेत, म्हणून मला ते टेम्युलेन्टम वाटतं. मुळाकडचा भाग कापलेला असल्याने झाड टेम्युलेन्टमसारखं वर्षायू की पेरेनसारखं बहुवर्षायू ते कळत नाही. तेवढ्यावर नाव बदलावं का?

आणखी एक. नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या जागी हे तण नव्हतंच, असं मी धरत नाही. पावसाळ्यानंतर रानात फिरून गोळा केलेल्या नमुन्यांत फाल्गुनात ओंबीवर येणारं तण सापडणार कसं? कुणाच्या घरी, विशेषतः शेतकी खात्यात असलेल्या आजोबा-पणजोबांच्या कागदांत, रब्बीतल्या तणांच्या टिपणवह्या असतील तर कृपया कळवा. गावाचं नाव आणि महिना एवढं मिळालं तरी चालेल.

पुडीचे आणि कणिशकांचे फोटो खाली पहिल्याच प्रतिसादात देते आहे.