मदत हवी आहे : दोन श्रेयांकांत मोडी वाचन कितपत बसवावे?

नमस्कार,

आमच्या स्वायत्त महाविद्यालयात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020नुसार पदवीच्या दुसऱ्या वर्षाची फेररचना चालू असून, इतिहास विभागाच्या तिसऱ्या सत्रासाठी व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम (सगळे ज्याला व्हीएससी म्हणतात तो) म्हणून मोडी लिपी सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषयाबद्दल विभागात दुमत नाही; घोडे अडले आहे ते तासांवर.

एका श्रेयांकाला (क्रेडिटला) व्याख्यानाचे 15 किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास धरले जातात. त्यामुळे हाच दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम व्याख्यानाचा म्हणून मांडला तर 30 तास मिळतात आणि प्रात्यक्षिकाचा म्हणून मांडला तर 60. माझ्या मते 30 तासांत मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे आणि आंग्लकालीन (इंग्रजी अमदानीतील) वळणाचे सोपे उतारे एवढेच होईल. पेशवेकालीन पत्र समोर आले की मुलांची गाडी तिथेच थांबते, कारण आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिलेली असतात, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा आधारही मिळत नाही. ‘राा’ म्हणजे राजश्री हे सांगावे लागते. कालोल्लेखात इहिदे, इसन्ने, सलास असे शुहूर सनाचे (जुन्या मराठी कागदांत वापरलेल्या एका कालगणनेचे) अरबी संख्याशब्द आले तर तो आणखी एक स्वतंत्र धडा होतो. म्हणून लिपीचा इतिहास एका तासिकेत आटोपून उरलेला सगळा वेळ वाचनाला द्यावा, असे मला वाटते.

अभ्यास मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र एक श्रेयांक व्याख्यानाचा आणि एक प्रात्यक्षिकाचा, म्हणजे एकूण 45 तास, असा मध्यममार्ग सुचवला आहे. कला शाखेत प्रात्यक्षिकाच्या तुकड्या पाडल्या की शिक्षकांच्या कार्यभाराचे गणित कसे मांडायचे, ही त्यांची अडचण रास्त आहे. ज्या महाविद्यालयांत असा अभ्यासक्रम आधीच सुरू आहे, तिथे एका तुकडीत किती विद्यार्थी घेतात आणि वेळापत्रकात सलग दोन तासिका मिळतात का, हे कृपया कळवावे.

दुसरी शंका मूल्यमापनाची. न पाहिलेल्या कागदाचे लिप्यंतर करायला दिल्यास गुण शब्दांवर द्यावेत की ओळींवर? एक नाव चुकले आणि आशय बरोबर लागला, तर काय करावे?

अध्ययन निष्पत्तीत ‘विद्यार्थी मोडी कागदपत्रे वाचू शकेल’ असे सरसकट लिहिणे मला पटत नाही. ‘आंग्लकालीन वळणाचा परिचित स्वरूपाचा दस्त कोशाच्या मदतीने वाचू शकेल’ एवढेच लिहिले, तर बाहेरचे विषयतज्ज्ञ ते अपुरे ठरवतील का? सहाव्या सत्रात कार्यप्रशिक्षणाचे (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याचे) चार श्रेयांक, म्हणजे 120 तास आहेत. मुलांना तेव्हा एखाद्या दप्तरखान्यात पाठवायचा विचार असल्यामुळे त्यांची तयारी नेमकी किती झाली आहे, हे आम्हाला कागदावर खरे लिहावे लागेल.

अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. आपल्याकडील घटकनिहाय तासांची विभागणी इथे दिलीत तरी पुष्कळ मदत होईल.