टीव्ही कपाटात का असतो, हे प्रश्नावलीत कुठे लिहायचं?

सुरगाण्याची_बाई

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एम.एड. करणाऱ्या एका सरांनी प्रश्नावली वाटली. विषय: प्राथमिक शिक्षकांचा वर्गातील तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन. 'मला तंत्रज्ञानाची भीती वाटते', 'तंत्रज्ञानामुळे अध्यापन रंजक होते' अशी विधानं, पुढे पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. शेजारच्या मॅडमनी सरसकट 'सहमत'वर खुणा केल्या आणि चहा यायच्या आत कागद परत दिला. मी मात्र पहिल्याच ओळीला अडले.

तंत्रज्ञान म्हणजे नेमकं कुठलं? माझी शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. मुलं घरी कोकणा बोलतात. तिसरीच्या मुलांना मी माझ्या फोनवर आमच्या पाड्याचा उपग्रहावरून घेतलेला फोटो दाखवते. आपलं घर शोधा म्हटलं की आधी नदी सापडते, मग फरशी पूल, मग शाळेचे पत्रे. मग मी फोन उलटा धरते आणि उत्तर दिशा आता कुठे गेली म्हणून विचारते. त्यावर जी भांडणं लागतात ती ऐकण्यासारखी असतात. नंतर तोच नकाशा पोरं अंगणात चुन्याने आखतात, आणि ज्याचं घर चुकीच्या बाजूला पडलं तो स्वतःच पुसून परत काढतो. दिशा शिकवायचं इतकं चांगलं साधन मला डी.एड.ला कुणी दिलं नव्हतं. इथे मी 'पूर्णतः सहमत'.

त्याच फोनवर भर तासाला कार्यालयाचा 'अतितात्काळ' असा निरोप येतो. हजेरी बॉटवर, पोषण आहाराचा आकडा ॲपवर, झाडं लावल्याचे फोटो लिंकवर, माहिती नसेल तर 'निरंक' तरी कळवाच. रेंज मिळते शाळेमागच्या टेकाडावर. म्हणजे चार वर्ग एका शिक्षकावर सोडून दुसऱ्याने टेकाड चढायचं. इथे काय खूण करू?

तिसरी गोष्ट गावाने वर्गणी काढून दिलेल्या टीव्हीची. कवितेचा व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप, आणि चिडीचूप वर्ग बघून भेटीला आलेले साहेब खूश. नंतर विचारलं तर पोरांना चाल येते, शब्द येत नाहीत. आता टीव्ही लावते तो न पाहिलेल्या गोष्टींपुरता, एरवी तो कपाटात. समुद्राची भरती-ओहोटी मी कितीही हातवारे केले तरी डोळ्यांपुढे येत नाही, तिथे टीव्हीच हवा.

तुम्ही वर्गात खरोखर काय वापरता? काय वापरून सोडून दिलंत, आणि का? सत्काराचे फोटो कृपया नकोत.

खडूवाले_गुरुजी (सातारा)

बाई, तुमचा टीव्ही निदान लागतो. आमच्याकडे टॅब कपाटात आहेत आणि त्यांना हात लावायची माझीसुद्धा हिंमत नाही, कारण ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या यादीत, चढलेत. पोराच्या हातून काच फुटली की निर्लेखनाचा, म्हणजे ती वस्तू यादीतून कमी करायचा, प्रस्ताव करा. बदली झाली की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्या. मुख्याध्यापक कुलूप लावतो तो तंत्रज्ञानाच्या भीतीने नव्हे.

जुनी गोष्ट सांगतो. १९८७ साली प्राथमिक शाळांना साहित्य देणारी सरकारी खडू-फळा मोहीम (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) सुरू झाली, शाळांना विज्ञान पेट्या मिळाल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाळेतली पेटी कुलपातच होती. भिंग कागदात गुंडाळलेलं, कोरं करकरीत. त्या वेळी 'शिक्षकांचा भिंगाकडे पाहण्याचा दृष्टिकोन' असा प्रबंध कुणी लिहिल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

पेनड्राइव्ह_माण

तंत्रस्नेही म्हणून माझ्या पाठीवर शिक्का आहे, म्हणून थोडं उलट बोलतो. सगळं वरच्यांवर ढकलून चालणार नाही. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड डोकावले ते परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांच्या खटपटीतून. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यांची शाळा कुठल्या दूरच्या दुनियेत नव्हे, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात. जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या गुणवत्तेच्या कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर कितीतरी शिक्षकांनी पदरमोड करून ब्लॉग काढले, व्हिडिओ केले. 'आमच्याकडे रेंज नाही' हे काहींना सोयीचं कारणही असतं. मी ते परिषदेत बसून ऐकलंय.

आता कामाचं. रेंजवर विसंबू नका, पेनड्राइव्हवर इयत्तावार फोल्डर ठेवा. मी आवाजाची नोंद सर्वांत जास्त वापरतो. पहिलीतल्या पोराचं वाचन जुलैत रेकॉर्ड करायचं, दिवाळीनंतर त्यालाच ऐकवायचं. पोर लाजतं, हसतं आणि पुन्हा वाचायला बसतं. वाचन ऐकून गुण देणारं एक ॲप मात्र सोडलं. आमच्या पोरांच्या बोलीतला हेल त्याला कळेना, आणि बरोबर वाचणारं मूल चूक ठरू लागलं.

गुरुजी, टॅबसाठी आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घेतला, की वर्गात वापरताना झालेली मोडतोड शिक्षकाकडून वसूल करू नये. तेव्हापासून कुलूप निघालं.

दादरची_टीचर

माझ्या खासगी शाळेत सगळं याच्या उलट. स्मार्ट बोर्ड बंद ठेवला तर खुलासा द्यावा लागतो, कारण पालकांकडून त्याची फी घेतलेली असते. पाठ कंपनीकडून तयार येतो, पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत. मध्येच एखाद्या मुलीने 'चंद्र दिवसा पण दिसतो, मी पाहिलाय' म्हटलं, तर तिच्यासाठी स्लाइड नसते. मी बोर्ड थांबवते, खडू घेते. त्यावर निरीक्षणाच्या कागदात शेरा पडला: 'तंत्रज्ञानाचा अपुरा वापर'. तुमच्या प्रश्नावलीत मी कुठे बसते?

एमएड_चालू_आहे

ती प्रश्नावली माझी नाही, पण माझा विषय जवळचाच आहे. अशा बऱ्याच पदनिश्चयन श्रेण्यांचं (म्हणजे सहमत ते असहमत अशा खुणांच्या प्रश्नावल्यांचं) मूळ संशोधक डेव्हिस यांच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकाराच्या प्रारूपात असतं. माणसाला साधन उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, हे दोन प्रश्न. ते कार्यालयात संगणक वापरणाऱ्यांना समोर ठेवून झालेलं काम. फुटलं तर भरपाई कोणाची, बंद ठेवायची मुभा आहे का, हे त्यात येत नाही. माझ्या मार्गदर्शकांना हा धागा दाखवतोय.

सुरगाण्याची_बाई

सगळ्यांना धन्यवाद. दादरच्या मॅडम, तुमची चंद्रवाली मुलगी माझ्या वर्गात पाठवा, इथे आडवा येणारा बोर्ड नाही!

माणचे सर, रेंजचं सोयीचं कारण सांगणारे आहेत हे मान्य. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ काढून पाहा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं त्यात आहे. लिंक भरणं कशात मोजायचं? माझ्या फोनचा पाऊण वेळ त्यातच जातो आणि उरलेल्या वेळात मी त्याच्यावर नदी शोधते. आवाजाची नोंद मी या आठवड्यापासूनच सुरू करते, त्याला रेंज लागत नाही.

ठरावाचा मसुदा इथेच टाका. आमच्या समितीची सभा महिनाअखेरीला आहे, आणि अध्यक्षांना सगळं आधी कागदावर लागतं.