३२-बिट विंडोज १० वरून विंडोज ११: डॉसवरील सॉफ्टवेअर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या गावच्या दूध संस्थेतील संगणकावर विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती आहे. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बँकेचे व्यवहारही याच संगणकावरून होतात, म्हणून विंडोज ११ घालावे असे संचालकांनी ठरवले आहे. प्रोसेसर आय३-८१०० आहे, मेमरी ४ जीबी आहे आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा सुविधा) बायोसमधून सुरू करता येते. म्हणजे यंत्र अटींत बसते. अडचण सॉफ्टवेअरची आणि प्रिंटरची आहे.

दूध संकलन आणि दहा दिवसांची बिले यांचे सॉफ्टवेअर डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरील फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममध्ये केलेले असून ते करून देणाऱ्या गृहस्थांनी हा व्यवसाय केव्हाच सोडला आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट असते आणि ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. खात्रीसाठी पुतण्याच्या लॅपटॉपवर सगळा फोल्डर उतरवून पाहिला, तर प्रोग्राम सुरूच झाला नाही. डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) मात्र तो उघडला, फॅट-एसएनएफच्या (दुधातील स्निग्धांश आणि इतर घन घटकांच्या) नोंदीही नीट दिसल्या. फक्त बिल छापायला गेलो की काहीच घडत नाही. मूळ डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही, ती डॉसबॉक्स-एक्स आणि व्हीडॉस या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये आहे, असे नंतर वाचनात आले.

प्रिंटर एप्सन एलएक्स-३१० आहे, यूएसबीने जोडलेला. सध्या तो शेअर करून 'नेट यूज' आज्ञेने एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टच्या नावाला जोडला आहे. सॉफ्टवेअर बारीक अक्षरांचे संकेत थेट प्रिंटरला पाठवते, त्यामुळेच एवढे रकाने एका कागदावर मावतात. हे संकेत डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसमधून जसेच्या तसे प्रिंटरपर्यंत जातात का, आणि त्यासाठी विंडोजमध्ये एप्सनचा ड्रायव्हर ठेवावा की विंडोजचा 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' हा साध्या मजकुराचा ड्रायव्हर, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास कृपया सांगावे.

एरवी अपग्रेड केल्यावर दहा दिवसांत मागे फिरता येते, पण ३२-बिटवरून ६४-बिटवर जाताना सगळे नव्यानेच घालावे लागत असल्याने ती सवलत आम्हाला नाही. म्हणून जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी, नव्या एसएसडीवर विंडोज ११ घालावे आणि एक पूर्ण बिल छापून पाहावे, असा विचार आहे. यात काही राहून जात असेल तर तेही कळवावे. बिलाच्या दिवशी सकाळी उत्पादक दारात उभे असतात.