फ्लश टाकीचं सील: जुना व्हॉल्व्ह सोबत न्या
नवीन सील (टाकीतलं पाणी अडवणारं रबर) बसवूनही कमोडमध्ये धार चालूच आहे, असं तुम्ही लिहिलंय. पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या (टाकीतल्या उभ्या नळीच्या) तोंडातून जात असेल तर दोष सीलचा नाहीच, फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग, बघा. तसं नसेल तर अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून, टाकी रिकामी करून फ्लश व्हॉल्व्ह, म्हणजे तळाशी बसलेला पाणी सोडणारा भाग, बाहेर काढा. जुनं रबर बऱ्याचदा फुगलेलं असतं, त्यावरून माप घेतलंत तर फसाल. अख्खा व्हॉल्व्हच नाशिकच्या रविवार कारंजाकडच्या हार्डवेअरवाल्याकडे न्या, सील तिथेच चढवून बघा. ‘सगळ्यांना चालतं’ असल्या वॉशरच्या नादी अजिबात लागू नका.

आणि सील जिथे टेकतं त्या कडेवरून बोट फिरवा. बोअरचं पाणी असेल तर पांढरा, खरखरीत थर हाताला लागतो. तो व्हिनेगरने काढल्याशिवाय कितीही चांगलं सील पाणी धरणार नाही.